प्रकाशाच्या हिशेबाची रुजवात

नगर शहराच्या उत्तरेस, मनमाडकडे जाणाऱ्या सडकेच्या अंगाने विस्तारत गेलेल्या सावेडी उपनगरात, गुलमोहर रस्त्यावरच्या घरी बसून एखादा विद्यार्थी परदेशी विद्यापीठातील व्याख्यान ऐकतो, पाइपलाइन रस्त्यावरचा दुकानदार घाऊक व्यापाऱ्याचे देणे मोबाइलवरून चुकते करतो, आणि एखादे निवृत्त गुरुजी पुण्याच्या इस्पितळातून आलेला तपासणीचा अहवाल आपल्या डॉक्टरांना दाखवितात. या तिन्ही व्यवहारांत पाठविणाऱ्याने जे पाठविले तेच तंतोतंत आपल्या हाती पडले आहे, याविषयी तिघांपैकी कोणाच्याही मनात संदेह उत्पन्न होत नाही. हा विश्वास सार्थ आहे. परंतु तो काचेच्या तंतूने किंवा प्रकाशाने आपल्याला आयता दिलेला नाही. वाटेत अंक बिघडतात, फार मोठ्या संख्येने बिघडतात, आणि पलीकडच्या टोकाला बसविलेली सिलिकॉनची एक चिप ते क्षणोक्षणी हुडकून पूर्ववत करीत असते. दुरुस्ती करणाऱ्या या यंत्रणेला तंत्रज्ञ डिकोडर म्हणतात. आपण तिला विसंकेतक म्हणू. ती कशी चालते, तिला वीज का लागते, आणि ती वीज वाचविण्याचा मार्ग यंत्रशाळेइतकाच गणिताच्या फळ्यावरून कसा जातो, हे या लेखात सांगावयाचे आहे.

महाराष्ट्राला प्रकाशतंतू नवा नाही. देशातील पहिली प्रकाशतंतू-वाहिनी १९७९ साली पुण्यातच दूरध्वनी केंद्रांना परस्परांशी जोडण्यासाठी कार्यान्वित झाली, आणि नगरच्या शेजारच्या छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत आज हा तंतू प्रत्यक्ष निर्माण होतो. उत्तम प्रतीच्या तंतूतून जाताना प्रकाशाचा ऱ्हास किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल इतका अल्प असतो. तथापि अल्प ऱ्हासाचीही अखेर बेरीज होतेच. नगर ते पुणे हे सडकेचे अंतर सुमारे १२० किलोमीटर धरले, तर तेवढ्या वाटचालीत २४ डेसिबल नष्ट होतात, म्हणजे निघालेल्या प्रकाशाचा सुमारे अडीचशेवा हिस्सा पुण्यास पोहोचतो. तो क्षीण प्रकाश प्रवर्धकाने पुन्हा वाढविता येतो, परंतु प्रवर्धक संदेशाबरोबर स्वतःचा गोंगाटही त्यात मिसळतो. आणि ज्या काळी प्रकाश केवळ चालू किंवा बंद असे दोनच अर्थ वाहत होता तो काळ मागे पडून, आज एकेका स्पंदात प्रकाशाची तीव्रता, कला आणि ध्रुवण या तिन्हींचा उपयोग करून आठ-आठ बिट भरले जातात, अशी स्पंदने सेकंदाला सहा हजार कोटींच्या घरात जातात, आणि त्यामुळे शेजारशेजारच्या दोन अर्थांतील अंतर इतके अरुंद होते की थोड्याशा गोंगाटानेही एकाच्या जागी दुसरा वाचला जातो.

हे बिघाड किती, याचा अंदाज एका प्रचलित मानकावरून येईल. सुमारे १२० किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी, सेकंदाला चाळीस हजार कोटी बिट वाहून नेणाऱ्या उपकरणांचे '४०० झेडआर' हे मानक २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यात विसंकेतकाने दर शंभर बिटांमागे सव्वा बिट चुकीचा आला तरी तो सुधारलाच पाहिजे, आणि सुधारणेनंतर दहा लाख अब्ज बिटांत एकाहून अधिक चूक उरता कामा नये, असा दंडक आहे. सेकंदाला सुमारे पाचशे कोटी चुका आत येतात आणि बाहेर पडताना चाळीस मिनिटांत जेमतेम एक उरते, एवढा या दंडकाचा अर्थ आहे. मनुष्याने निर्माण केलेल्या यंत्रांत इतक्या मोठ्या प्रमाणावर शुद्धिकार्य अखंड करणारे दुसरे यंत्र सहसा आढळणार नाही.

असे करणे तत्त्वतः शक्य आहे, हे क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली सिद्ध केले. प्रत्येक मार्गाची वहनक्षमता निश्चित असते, आणि त्या क्षमतेच्या मर्यादेत राहून मूळ अंकांना काही जादा अंकांची जोड सुयोग्य रीतीने दिली तर चुकांचे प्रमाण वाटेल तितके कमी करता येते, असा त्यांचा सिद्धांत होता. ती सुयोग्य रीत कोणती, हे मात्र त्या सिद्धांतात नव्हते. बेल प्रयोगशाळेतील त्यांचे सहकारी रिचर्ड हॅमिंग हे शनिवार-रविवारी गणकयंत्रावर सोपविलेले काम एखाद्या बिघाडामुळे अर्ध्यावर थांबलेले पाहून त्रस्त होत असत. यंत्राला चूक ओळखता येते तर ती चूक नेमकी कोठे आहे हेही त्याला का कळू नये, या प्रश्नाचा पाठपुरावा करून त्यांनी १९५० साली आपला संकेत, म्हणजे जादा अंक जोडण्याची रीत, प्रसिद्ध केला. चार मूळ बिटांना तीन जादा बिट जोडले की त्या सातांपैकी कोणताही एक बिघडला तरी तो शोधून काढता येतो.

या युक्तीचे मर्म जुन्या कचेरीतील कीर्द-खतावणी पाहिलेल्या वाचकाला चटकन उमगेल. पानावर आकड्यांच्या ओळी आणि रकाने मांडलेले असतात. कारकून प्रत्येक ओळीची आडवी आणि प्रत्येक रकान्याची उभी बेरीज कडेला लिहून ठेवतो. पुढे रुजवात घेताना तिसऱ्या ओळीची आणि पाचव्या रकान्याची बेरीज जमत नसेल, तर जिथे ती ओळ आणि तो रकाना छेदतात तोच आकडा चुकला आहे, हे मूळ पावती न पाहताही ठरविता येते. पीटर एलियास यांनी १९५४ साली मांडलेले गुणन-संकेत म्हणजे हीच आडवी-उभी रुजवात होय. फरक इतकाच की तेथे बेरजेऐवजी एकांची संख्या सम आहे की विषम एवढेच पाहणाऱ्या, किंवा त्याहून प्रबळ अशा बैजिक कसोट्या वापरल्या जातात, आणि एका ओळीत दोन-तीन चुका असल्या तरी त्या ओळीला स्वतःच्या बळावर त्या दुरुस्त करता येतात. ओळींनी सुधारावे, मग रकान्यांनी उरलेले सुधारावे, त्यामुळे हलक्या झालेल्या ओळींनी पुन्हा सुधारावे, असे काही फेरे झाले म्हणजे पान निर्दोष होते.

एकाहून अधिक चुका सुधारणाऱ्या कसोट्या कशा रचाव्या, या प्रश्नाचे सर्वांत उपयुक्त उत्तर भारतीय गणितज्ञांच्या हातून आले, आणि त्या कथेत मराठी माणसाचाही भाग आहे. राजचंद्र बोस हे कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत सांत भूमितीचे आणि प्रयोग-आराखड्यांचे अध्ययन करीत होते. त्यांचे शिष्य शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ साली सागर येथे झाला, शिक्षण नागपुरास झाले, आणि पुढे अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात बोसांच्याच मार्गदर्शनाखाली त्यांनी १९५० साली डॉक्टरेट मिळविली. लॅटिन चौरसांविषयी ऑयलरने १७८२ साली केलेले अनुमान बोस, श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी १९५९ साली खोटे ठरविले, तेव्हा ती वार्ता 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर झळकली, म्हणून तिचा लौकिक झाला. परंतु त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांनी संकेत-रचनेवरही एक निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यात हादामारच्या सारण्यांचा चूक-सुधारक संकेतांशी असलेला संबंध दाखविला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. पुढच्याच वर्षी, १९६० साली, बोस आणि त्यांचे दुसरे शिष्य राय-चौधुरी यांनी इच्छित संख्येइतक्या चुका सुधारणारे संकेत दिले. फ्रान्समध्ये ऑकेंगेम यांनी ते १९५९ साली स्वतंत्रपणे शोधले होते, म्हणून तिघांच्या आद्याक्षरांवरून त्यांस बीसीएच संकेत म्हणतात. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले आणि २०२० साली, वयाची शंभरी ओलांडून, निवर्तले. ज्या मांडणीशास्त्राला त्यांनी आयुष्य वाहिले ते शास्त्र आजच्या प्रकाशसंदेशांच्या पोटात कार्य करीत आहे.

आता गणिताकडून यंत्राकडे येऊ. चिपमधील परिपथ घड्याळाच्या ठोक्यावर चालतात. तो ठोका सेकंदाला पन्नास कोटी वेळा पडतो असे मानले, तर चाळीस हजार कोटी बिटांचा प्रवाह सांभाळण्यासाठी एकेका ठोक्यात आठशे बिट हातावेगळे झाले पाहिजेत, आणि त्यांत सरासरीने दहा चुकलेले असतील. एकच कुशल घटक कितीही वेगाने राबला तरी त्याला हे साधणार नाही. शेकडो घटक एकाच वेळी कामाला लावावे लागतात. प्रत्येक घटक जागा अडवितो, प्रत्येक तार आपल्या लांबीच्या प्रमाणात वीज खाते, आणि शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होताना प्रत्येक वेळी ऊर्जेचा एक सूक्ष्म अंश उष्णतेत जातो. ४०० झेडआरच्या संपूर्ण उपकरणाला, म्हणजे लेसर, प्रकाश-नियंत्रक, संदेश-संस्कारक आणि विसंकेतक या सर्वांना मिळून, सुमारे पंधरा वॅटची तरतूद असते. एका बिटामागे दहा पिकोज्यूल खर्च करणारा विसंकेतक त्यांतले चार वॅट एकटा घेईल. एक पिकोज्यूल खर्च करणारा केवळ ०.४ वॅट घेईल. विसंकेतकाची सारी गुणवत्ता या तफावतीत आहे.

काटकसरीचा पहिला उपाय बीजगणितातच दडलेला आहे. बीसीएच आणि त्यांचे निकटवर्ती रीड-सॉलोमन संकेत ज्या सांत क्षेत्रांत गणना करतात त्यांतील बेरजेत हातचा घ्यावा लागत नाही, त्यामुळे बेरजेचा परिपथ अत्यंत लहान आणि चपळ होतो. समुद्रतळाच्या प्रकाशतारांसाठी १९९० नंतरच्या दशकात जो रीड-सॉलोमन संकेत मानक ठरला, त्यात २३९ बाइटांना १६ जादा बाइट जोडून कोणतेही ८ बिघडलेले बाइट सुधारता येत, आणि जादा भार सात टक्क्यांपेक्षाही किंचित कमी होता. दुसरा उपाय असा की चुका सुधारण्याची संख्या दोन-तीनच ठेवावी. मग चुकांची स्थाने शोधण्यासाठी बर्लेकॅम्प आणि मॅसी यांची सर्वसाधारण पण लांबलचक पद्धत चालविण्याचे प्रयोजन उरत नाही, लहान समीकरण आधीच तयार ठेवलेल्या कोष्टकावरून सोडविता येते. एकेक कसोटी दुर्बळ राहिली तरी आडव्या-उभ्या फेऱ्यांनी समूहाला प्रचंड सामर्थ्य येते.

तिसरा उपाय सर्वांत मार्मिक आहे. रुजवात घेणाऱ्याला संपूर्ण पान पुनःपुन्हा वाचण्याची आवश्यकता नसते. प्रत्येक ओळीची आणि रकान्याची तफावत तेवढी त्याच्यापाशी टिपलेली असली की पुरे, आणि एखादा आकडा दुरुस्त झाला तर केवळ त्या आकड्याच्या ओळीची आणि रकान्याची, अशा दोनच तफावती बदलाव्या लागतात. विसंकेतकही आलेला प्रवाह स्मृतीत एकदाच ठेवतो, आणि पुढील सर्व फेरे तफावतींवरच चालवितो. चुका जसजशा घटत जातात तसतसे काम आपोआप ओसरते, शून्य तफावतीच्या घटकांचा ठोका थांबविता येतो, आणि निष्प्रयोजन हालचाल टळल्यामुळे वीज वाचते. २०१२ साली टोरांटोचे फ्रँक क्शिशँग, बेंजामिन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला जिना-संकेत याच तत्त्वावर उभा आहे: त्यात प्रत्येक पानाच्या ओळी मागील पानाच्या रकान्यांशी जोडून तपासल्या जातात, पाने अखंड साखळीने पुढे चालतात, आणि सात टक्क्यांच्याच जादा भारात हा संकेत कठोर निर्णयाच्या शॅनन-मर्यादेपासून ०.५६ डेसिबल इतका जवळ जातो. स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठातील संशोधकांनी अशाच कुळातील संकेतांसाठी सेकंदाला एक लाख कोटी बिटांहून अधिक वेग गाठणारे विसंकेतक आखून २०१९ साली दाखविले.

'कठोर निर्णय' हा शब्दप्रयोग येथे स्पष्ट केला पाहिजे. आलेला प्रकाश पाहून ग्राहकयंत्र एक किंवा शून्य एवढाच निवाडा देते, तेव्हा तो निर्णय कठोर होय. एक आहे, पण खात्री थोडीच आहे, अशी विश्वासाची पातळीही सोबत कळविली तर तो मृदू निर्णय होय. मृदू निर्णयाने एखाद्या डेसिबलहून अधिक लाभ होतो, आणि दीर्घ अंतराच्या वाहिनीत एवढ्या लाभाचे मोल फार मोठे असते. या कामाला रॉबर्ट गॅलेगर यांनी १९६० च्या सुमारास शोधलेले, त्या काळच्या यंत्रांना न पेलल्यामुळे तीन दशके अडगळीत पडलेले आणि १९९० नंतर पुनश्च प्रकाशात आलेले विरळ-कसोटी संकेत, म्हणजेच एलडीपीसी संकेत, उत्तम ठरतात. त्यांत प्रत्येक बिट थोड्याच कसोट्यांत भाग घेतो आणि बिट व कसोट्या परस्परांना विश्वासाचे निरोप पाठवीत राहतात. पण या निरोपांचा हिशेब करून पाहावा: प्रत्येक बिट चार कसोट्यांत, प्रत्येक निरोप चार बिटांचा, दोन दिशा, आणि पंधरा फेरे धरले, तर मूळ प्रवाहाच्या ४८० पट वाहतूक चिपच्या आत होते. जिना-संकेताच्या प्रणेत्यांनी केलेल्या तुलनेत तफावतींवर चालणाऱ्या गुणन-संकेताची हीच वाहतूक मूळ प्रवाहाच्या तिपटीच्या आसपास आहे. येथे गणनेपेक्षा निरोपांची ने-आणच महाग पडते, आणि विसंकेतकाचा प्रश्न हा तारांच्या व स्मृतीच्या मांडणीचा प्रश्न होतो.

या मांडणीच्या प्रश्नात पुन्हा एक मराठी नाव समोर येते. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले आणि मुंबईच्या आयआयटीत १९७८ साली पदवीधर झालेले नरेंद्र करमरकर हे १९८४ सालच्या रेषीय नियोजनाच्या पद्धतीमुळे जगद्विख्यात आहेत; त्यांनी १९९१ साली एका निबंधात असे दाखविले की अनेक संस्कारक आणि अनेक स्मृतिकोश यांची जोडणी सांत प्रक्षेपीय भूमितीच्या बिंदू-रेषांप्रमाणे केली, तर कोणत्याही क्षणी दोन संस्कारक एकाच कोशापाशी आडवे येणार नाहीत असे वेळापत्रक आखता येते. या भूमितीचे सर्वांत लहान रूप फानोचे प्रतल होय: सात बिंदू, सात रेषा, प्रत्येक रेषेवर तीन बिंदू, प्रत्येक बिंदूतून तीन रेषा, आणि कोणत्याही दोन रेषांचा छेदबिंदू एकच. बिंदूंना बिट आणि रेषांना कसोट्या मानले की एलडीपीसी संकेत तयार होतो. दोन कसोट्यांत दोन बिट सामाईक असू शकत नाहीत, त्यामुळे एखाद्या बिटाने पाठविलेला निरोप दोनच फेऱ्यांत घुटमळून त्याच्याकडे परत येत नाही आणि विसंकेतन सहजी फसत नाही. बोस आणि श्रीखंडे ज्या प्रतलांचा व लॅटिन चौरसांचा संबंध अभ्यासीत होते, तीच ही प्रतले.

मोठ्या प्रतलात अडचणही मोठी होते. १०५७ बिंदूंच्या प्रतलात प्रत्येक बिंदूतून ३३ रेषा जातात, म्हणजे सर्व घटक एकाच वेळी चालवायचे तर चौतीस हजार आठशे एक्क्याऐंशी जोडण्या लागतील. मुंबईच्या आयआयटीतील सचिन पाटकर, हृषीकेश शर्मा आणि स्वदेश चौधरी यांनी २०११ च्या सुमारास यावर जो मार्ग दाखविला त्याला घडी घालणे म्हणतात: प्रतलाचे उपावकाशांनुसार समान गट पाडावेत, एका गटाचे काम एकाच घटकाने क्रमाने करावे, आणि भूमितीतील समरूपतेमुळे ते वेळापत्रक संघर्षरहित राहावे, म्हणजे निरोप एका कोशातून दुसऱ्या कोशात विनाकारण हलविण्याचा खर्च पडत नाही. हे संशोधन सर्वसाधारण त्रुटी-सुधारणेसाठी होते, केवळ प्रकाशवाहिन्यांसाठी नव्हते. परंतु आज अतिवेगवान विसंकेतकाच्या आराखड्यात जो प्रश्न सर्वांत अवघड ठरतो, नेमका त्याच प्रश्नाला ते हात घालते.

अखेरीस व्यवहारात जे रूढ झाले ते कठोर आणि मृदू निर्णय या दोन्ही पक्षांचा समन्वय आहे. ४०० झेडआरमध्ये आतला संकेत म्हणून विस्तारित हॅमिंग संकेत मृदू निर्णयाने चालतो आणि बहुतेक चुका स्वस्तात निकालात काढतो. उरलेल्यांचा समाचार बाहेरचा जिना-संकेत कठोर निर्णयाने घेतो. जादा भार पंधरा टक्क्यांच्या आतच राहतो. शनिवार-रविवारच्या त्रासातून १९५० साली जन्मलेला संकेत आणि २०१२ चा जिना, दोघेही एकाच चिपमध्ये सेकंदाला चाळीस हजार कोटी बिटांची शुद्धी राखतात, आणि जिन्याच्या पायऱ्यांवर बसलेल्या कसोट्या बीसीएच कुळातल्या असतात.

यावरून एक गोष्ट निर्विवाद ठरते. चिपची रेषा आणखी सूक्ष्म करणे हा वीज वाचविण्याचा एक मार्ग आहे, आणि तो अतिशय खर्चिक आहे. परंतु कोणत्या बिटाची रुजवात कोणाशी घ्यावी, काय साठवावे, काय न हलवावे, आणि काम संपताच कोणाला थांबवावे, हे नीट ठरविणे हा दुसरा मार्ग आहे, आणि त्याला कागद, फळा, बीजगणिताचे पक्के ज्ञान व परिपथांचा अनुभव एवढीच सामग्री पुरते. देशाने २०२१ साली अर्धवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली, हे योग्यच झाले. मात्र कारखाने उभे राहतील तेव्हा त्यांत घडवायचे आराखडे आपले असावेत, असे वाटत असेल, तर सांत क्षेत्रे व सांत भूमिती हा विषय गणिताच्या वर्गापुरता आणि परिपथ-रचना हा विषय इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गापुरता कोंडून ठेवणे आपल्याला परवडणार नाही.

म्हणून सावेडीतल्या, विळद घाटाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या आणि नगर जिल्ह्यातल्या सर्वच शिक्षकांना व विद्यार्थ्यांना एक आग्रहाची विनंती आहे. फानोच्या प्रतलाचे सात बिंदू आणि सात रेषा प्रथम वहीत काढाव्यात, त्यांपासून सात बिटांचा संकेत स्वतः तयार करावा, मग त्याचा विसंकेतक साध्या एफपीजीए पट्टीवर, म्हणजे हवा तो परिपथ जुळविता येणाऱ्या चिपवर, उतरवून एक चूक मुद्दाम घालावी आणि तो ती कोणत्या ठोक्यात व किती विजेत सुधारतो हे मोजावे. ज्याला हे सात बिटांत साधले, त्याला सत्तर हजार बिटांच्या आराखड्याकडे जाण्याची वाट मोकळी आहे. आणि श्रीखंडे-करमरकरांनी ज्या विद्येत आपला ठसा उमटविला, त्या विद्येचे पुढचे पान लिहिण्याचा अधिकार नगरच्या मुलामुलींनाही तितकाच आहे.